पालथा द्रोण

कार्तिकातले ऊन वैनगंगेवर उतरते ते पाहुण्यासारखे. चपला काठावर काढून, पदर सावरून, पाण्याला आपला भार होऊ नये अशा बेताने. वैशाखातल्या उन्हाची धटिंगण आरोळी त्यात नसते, श्रावणातल्या उन्हाची लपाछपीही नसते. मधुपिंगट, मंदगामी, मितभाषी असे ते ऊन वाळूवर निजते, पळसाच्या पानापानांवर क्षणभर थबकते, आणि मग घाटाच्या पायऱ्या चढून वर येते.

घाटाच्या माथ्यावर, पळसोडी गावाच्या कडेला, एक छत पालथे पहुडले होते.

पालथ्या द्रोणासारखे. चार कोपऱ्यांवर चार पावले टेकलेले, चारही बाजूंना कमानीच्या कडा उचललेले, मध्ये संथपणे फुगलेले. शुभ्र म्हणून जन्मलेले, आता शेवाळधूसर. तीन बोटे जाडीचे काँक्रीट, आणि खाली दोनशे माणसे मांडी घालून बसतील एवढे दालन. प्रमाण काढले तर अंड्याचे कवच त्याच्याहून थोराड भरेल. तुळई नाही, कैची नाही, मध्ये खांब नाही. पाखराने पंख पसरावे आणि ते मिटायचे विसरून जावे, तसे ते छत निःस्तंभ उभे होते.

उभे होते. आता त्याच्या पोटात एक खांब होता.

त्या खांबासाठी डॉ. हरिहर देवपुजारी नागपुराहून आले होते. वय पंचाहत्तरीच्या पलीकडले, चष्म्याची काच जाड, जिभेची धार पातळ. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना रचनाशास्त्र शिकवले होते आणि विद्यार्थ्यांनी मन लावून परीक्षा दिल्या होत्या. त्यांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे; थंडीत पारा उतरावा तसा. आज तो फार खाली उतरला होता. कारण हे छत त्यांचे होते, आणि खांब त्यांचा नव्हता.

शेजारी त्यांची पत्नी होती. कुमुद. तिचा डावा दंड त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

*

हे छत एका जेवणातून जन्मले होते.

तेव्हा पळसोडीच्या बाया पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावत. रानातून पाने आणायची, चिंचेखाली बसायचे, बांबूच्या बारीक चोयांनी पान पानाला टाचायचे. लग्ने त्यांच्या हातांवर जेवत, श्राद्धेही. त्या बायांनी सहकारी संस्था काढली, संस्थेने जागा मागितली, आणि जागेवर काय बांधायचे ते पाहायला एक तरुण प्राध्यापक नवपरिणीत बायकोला घेऊन आला. बायांनी दोघांना जेवू घातले.

हरिहररावांनी पान पुढे ओढले आणि त्यावर वरण वाढून घेतले. वरणाने मान ठेवला नाही. ते चहूदिशांनी निघाले, एक ओघळ प्राध्यापकाच्या धोतरापर्यंत आला. बाया पदराआड हसल्या. कुमुद वनस्पतिशास्त्र शिकवायची, पळसाशी तिची जुनी ओळख. तिने एक कोरे पान उचलले, चार ठिकाणी चिमटी घेतली, चार चोया टोचल्या, आणि झालेल्या द्रोणात वरण ओतून तो नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

तेच पान. तेवढेच पातळ. तेवढेच हिरवे. क्षणापूर्वी मान टाकणारे, क्षणानंतर भरला भार पेलणारे.

हरिहरराव त्या द्रोणाकडे पाहत राहिले. वरण गार झाले, भात गार झाला, बाया उठून हात धुऊन आल्या, तरी ते पाहत राहिले. पुस्तकांतली समीकरणे त्यांना पाठ होती. समीकरणाला शिरा असतात, देठ असतो, त्यातून तुपाचा वास येतो, हे त्यांना त्या दुपारी कळले.

सपाट पान भाराचे गुलाम असते. भार येतो, पान वाकते. आणि वाकणे म्हणजे आतल्या आत दुभंगणे: वरची त्वचा चेपत जाते, खालची ताणत जाते, आणि एक दिवस खालची त्वचा हरते. पण पानाला बाक द्या, दोन्ही दिशांनी बाक द्या, की त्याला वाकायला सवडच उरत नाही. भार येतो न येतो तोच त्वचेत विरतो. कण कणाला खांदा देतो, कण कणाला निरोप देतो. आणि पाण्याने उतार शोधावा तसा तो भार पृष्ठावरून वाहत वाहत पावलांपर्यंत पोचतो, मातीत मिसळून जातो. सामर्थ्य जाडीत नसते, सामर्थ्य वळणात असते. ही गोष्ट पळसाला ठाऊक आहे, शंखाला ठाऊक आहे, माणसाच्या कवटीला ठाऊक आहे. कवटीच्या आतल्या ऐवजाला ती नेहमी कळतेच असे नाही.

आणि चोय. द्रोणाचा प्राण चोयेत असतो. ती कडेवर असते, मध्ये कधीच नसते. चोय काढली की पान पुन्हा सपाट, पुन्हा गुलाम.

म्हणून हरिहररावांनी तो द्रोण पालथा घातला आणि काँक्रीटचा केला. कडांना हलके काठ दिले, साडीला असतात तसे. चार पावलांना पांगायची ओढ असते, कारण वरचा भार त्यांना सतत बाहेर ढकलत असतो. म्हणून भूमीखाली पोलादी पट्टे पुरून एका पावलाचा हात दुसऱ्या पावलाच्या हातात दिला. ते हात कोणाला दिसत नाहीत. दिसू नयेत अशीच त्यांची जागा. दोन पावले एकमेकांपासून ठरल्या अंतरावर उभी; जवळ नाहीत, दूर नाहीत; आणि अंधारात, मातीत, त्यांनी एकमेकांना धरलेले.

पुढली पडवी मात्र घडीची. एक पट्टी वर, एक पट्टी खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. कोरा कागद हातात धरला तर मान टाकतो. त्याला घड्या घाला, तो पुस्तक पेलतो. हरिहरराव ते विद्यार्थ्यांना कागदाने समजावत. पण पडवीचे रेखाटन त्यांनी केले ते एका सकाळी आरशासमोर उभी असलेली कुमुद पाहून. ती निऱ्या घालत होती. मऊ, निराधार, जमिनीवर लोळणारे वस्त्र तिच्या बोटांत घडीमागून घडी घेत होते आणि ताठ होत होते.

"काय बघताय?" तिने विचारले होते.

"पडवी," ते म्हणाले होते. तिने पुढे आठवडाभर त्यांना चहा देताना 'घ्या, पडवीकडून' असे म्हणणे चालू ठेवले होते.

*

रचनाकारांच्या कुळात एक रीत आहे. छत ओतले जाते ते लाकडाच्या मांडवावर. काँक्रीट पिकले की मांडव उतरवायचा असतो. आणि तो उतरताना, छत पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभे राहताना, ज्याने ते रेखाटले त्याने त्याखाली उभे राहायचे असते. कायद्यात हे कलम नाही. कायद्याला लाज ठाऊक नसते, रितीला असते.

मांडव उतरवायचा तो मध्यापासून. आधी माथा सैल करायचा, मग हळूहळू कडांकडे सरकायचे. त्या दिवशी हरिहरराव मध्यभागी उभे राहिले, आणि कोणी बोलावले नसताना कुमुद येऊन शेजारी उभी राहिली. बायांनी डोळ्यांवर पदर घेतले. पाचरी सैल झाल्या, लाकूड कण्हले, छत तांदळाच्या दाण्याएवढे खाली आले.

आणि थांबले.

त्या तांदळाएवढ्या अंतरात एक अख्खे आयुष्य मावले होते. कुमुदने वर पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. "घाम पुसा," ती म्हणाली. "आपल्याला विश्वास होता असं लोकांना सांगायचंय."

*

वर्षे गेली. पत्रावळी यंत्रे दाबू लागली, द्रोण प्लास्टिकचे झाले, चिंच तोडली गेली. दालनात मात्र थोड्या बाया बसत राहिल्या. पाने आणत राहिल्या, चोया टोचत राहिल्या. कोणी म्हणे सवयीने, कोणी म्हणे हट्टाने. कार्तिकी पौर्णिमेला वैनगंगेत सोडायचे दिवे अजून पळसाच्याच द्रोणांत सोडले जात, कारण देवाला प्लास्टिक चालत नाही असे गावाचे मत होते. माणसांना चालते.

मग एका आषाढात छत एका जागी ओलावले. तेवढेच. पृष्ठावरचा लेप जुना झाला होता. नवा लेप दिला असता तर गोष्ट तिथे संपली असती.

पण नगरपालिकेने वर पाहिले. आजवर तिने वर पाहिले नव्हते. पाहिले आणि तिला दिसले की मध्ये काहीच नाही. नगरपालिकांना सपाट गोष्टी कळतात. सपाट छत कळते, नकाशातला सपाट रस्ता कळतो, सपाट माणूस तर फारच चांगला कळतो. एवढे पातळ, एवढे रुंद, आणि मध्ये आधार नाही? गाव हळहळले. बाया हळहळल्या. द्वेषाने नव्हे, मायेने. हे ध्यानात ठेवले पाहिजे. लोकांनी वर्गणी काढली, आणि लोकांच्या प्रेमाने छताच्या पोटात एक लोखंडी खांब उभा केला. त्याभोवती विटा रचल्या, विटांवर फरशी लावली, फरशीवर मारुतीची तसबीर आणि तसबिरीखाली संगमरवरी पाटी: 'आधारस्तंभ. सौजन्य : दादाराव ढोके मित्रमंडळ.'

खांब बसवला तो वैशाखातल्या ऐन दुपारी. ठोकून ठोकून बसवला, केसाएवढी फट राहू नये म्हणून पायथ्याशी पाचरी ठासल्या.

छताला श्वास असतो हे कोणाच्या मनात आले नाही. उन्हाने तापले की ते केसभर वर उचलते. रात्र निवली की केसभर खाली येते. दिवसामागून दिवस, ऋतूमागून ऋतू, त्या कवचाचा हा उच्छ्वास-निःश्वास चालत आला होता. त्याचा श्वास भरलेला असताना खाली खांब ठोकला गेला. निःश्वास टाकायला जागा उरली नाही.

पहिल्याच रात्री छत खाली यायला निघाले आणि खांबाने त्याला वर धरून ठेवले. चहूकडून पावलांकडे वाहणारा भार मध्येच अडला, गोंधळला, एका बिंदूवर गोळा झाला. जिथे सदैव चेप होता तिथे ताण आला. छताच्या पाठीवर, नेमकी खांबाच्या माथ्यावर, एक भेग उमलली. मग दुसरी. पळसाच्या पानाच्या शिरांसारख्या त्या देठापासून पसरत गेल्या. गाव म्हणाले, बघा, खांब होता म्हणून वाचले.

यंदा तपासणी झाली. छत धोकादायक ठरले. पौर्णिमेनंतर पाडायचे ठरले.

हरिहररावांनी तो अहवाल वाचला आणि त्यांचा आवाज इतका उतरला की घरातल्या मांजराने खोली सोडली. त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. एक दुपार मागितली. खांब काढू द्या. छत स्वतःच्या पायांवर राहिले तर राहू द्या, नाही राहिले तर तुमच्या यंत्राचे भाडे वाचेल. मुख्याधिकाऱ्यांना हा हिशेब पटला.

*

आणि कुमुद.

मागल्या माघात एका पहाटे तिच्या डाव्या अंगातून कोणीतरी दिवा काढून नेला. इस्पितळ झाले, औषधे झाली, व्यायाम झाले. दिवा परत आला, मंद का होईना, आला. बोलणे परतले, हसणे त्याच्या आधी परतले. डावे पाऊल मात्र जमिनीला जरा भीतभीत विचारून पडे. डॉक्टर म्हणाले होते, चालू द्या, चालेल तसे चालू द्या.

हरिहरराव चालू देत. दंड धरून. उठताना काखेत हात, बसताना पाठीला हात, वळताना कमरेला हात. ते इतके घट्ट धरत की संध्याकाळी तिच्या गोऱ्या दंडावर त्यांच्या बोटांचे पाच निळसर ठसे उमटलेले असत. ती पदर ओढून घेई. त्यांना ते ठसे दिसले नव्हते. पृष्ठावरची भेग खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

*

पडवीत नगर अभियंता बोबडे वाट पाहत होता. तुषार बोबडे, तरुण, सालस, कपाळाला आठी. परवानगीसाठी त्याने धावपळ केली होती आणि आता त्याला तिचा पश्चात्ताप होत होता. सकाळीच त्याने हरिहररावांच्या सांगण्यावरून खांबाच्या विटा उतरवून घेतल्या होत्या, तसबीर देवळात पोचवली होती, पायथ्याच्या पाचरींना जवसाचे तेल पाजले होते.

"सर, पुन्हा एकदा विचारतो," तो म्हणाला. "खांब गेल्यावर छताला आधार कसला?"

"आधार आहे, बोबडे. तो तुम्हाला दिसत नाही, एवढाच त्याचा अपराध." हरिहररावांचा आवाज शांत होता. "हे छत मध्ये धरायचं नसतं. मध्ये धरलं की ते आपली रीत विसरतं. त्याला कडेला धरायचं, तेही हलकं, आणि मग त्याचं त्याला उभं राहू द्यायचं. तुमच्या गावानं त्याच्यावर माया केली आणि त्याचा श्वास कोंडला. द्वेष केला असता तर परवडलं असतं. द्वेष करणारे निदान दूर राहतात."

पडवीच्या कडेला बाया पानांचे ढीग घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळच्या दिव्यांचे द्रोण लावायचे होते. त्यांतली थोरली, सुगंधाबाई उईके, मांडव उतरला त्या दिवशीही तिथे होती. तेव्हा तिच्या डोक्यावर नवरीचा पदर होता.

"काहून जी गुरुजी," ती चोय दातांत धरून म्हणाली, "आमचा द्रोण राह्यते का पडते, तेवढं सांगा. पडत असंन तर मी पानं उचलून घेतो."

"राहील."

"मंग बरं. खांब नोयता तवा आमाले भेव नोयतं. लेकरं निजवली इथं. खांब आला अन् भेव बी आलं. रोज वर पायतो, बाई." तिने कुमुदकडे वळून पाहिले. "तुमी बाई वाळल्या. गुरुजी जेवू नाही घालत का?"

"घालतात," कुमुद म्हणाली. "पण घास चावायचा कसा तेही सांगतात."

बायांमध्ये हसू पिकले. हरिहररावांनी ते ऐकले नाही. ते उंबऱ्याची पायरी पाहत होते. "जपून," ते म्हणाले आणि कुमुदचा दंड आणखी आवळून वर उचलू लागले. तिचा तोल गेला. ती त्यांच्यावर कलली, त्यांनी अधिक ओढले, ती अधिक कलली.

"अहो, सोडा."

"पडशील."

"तुम्ही उचलताय म्हणून कलतेय मी." ती थांबली, श्वास घेतला. "त्या मुलाला आत्ता काय सांगत होतात, ते तुमचं तुम्ही ऐकलंत का?"

हरिहरराव पुन्हा उंबऱ्याची पायरी पाहू लागले.

"दोन खांब दिसतायत मला इथे," कुमुद हळूच म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. चहा देतानाचा तो जुना खट्याळपणा होता, आता किंचित अडखळणारा. "आधी कुठला काढायचा, ते ठरवा."

त्यांनी ठरवले नाही. विद्वान माणसाला आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून परत आलेले ओळखायला वेळ लागतो. त्यांनी खुर्ची मागवली, तिला पडवीत, निऱ्यांच्या छताखाली बसवले, शाल गुंडाळली, सुगंधाबाईला बजावले, "हिला उठू देऊ नका." मग हातोडी घेऊन ते दालनाकडे वळले. वळताना त्यांना तिचा दंड दिसला. शाल घसरली होती. पाच ठसे. देठापासून पसरणाऱ्या शिरांसारखे.

त्यांनी ते पाहिले, आणि आत गेले.

*

दालनात सावली होती; हिरवट, पाणीदार, शंखाच्या पोटात असते तशी. नदीवरून परतलेले ऊन कमानींखालून आत येऊन छतावर थरथरत होते. मध्ये खांब. फरशी उतरल्यावर तो फारच साधा दिसत होता: एक गंजका लोखंडी दांडा, आपल्या कामावर पूर्ण निष्ठा असलेला.

बोबडे म्हणाला, "सर, पाचरी मी काढतो." हरिहररावांनी त्याला कमानीबाहेर बोट दाखवले. छताखाली एकच माणूस. ती रीत होती. वेळ त्यांनीच निवडली होती. दिवसभराच्या उन्हाने छताचा श्वास आज भरेल तेवढा भरला होता. खांबावरचा भार आत्ता सर्वांत कमी होता. एका घावात काढायचे नसते. इकडून एक टिचकी, तिकडून एक टिचकी. छताला कळले पाहिजे की कोणी जात आहे.

ते गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

टक.

तेलाने ओली पाचर जराशी सरकली. वर काहीच झाले नाही.

टक. टक.

वर कुठेतरी एक बारीक चरचर उठली. वाळल्या पानावर कोणी पाऊल ठेवावे तशी. माथ्यावरून चुन्याची चिमूट निसटली आणि त्यांच्या चष्म्यावर पडली. हरिहररावांचा हात थांबला.

त्यांना वाटले होते भीती वाटणार नाही. गणित त्यांनी पुन्हा केले होते, भेगा मोजल्या होत्या, पावले तपासली होती. पण भीती गणितातून येत नाही. ज्याच्यावर जीव जडला ते आपल्या हातावाचून उभे राहील का, हा प्रश्न कुठल्याच समीकरणात बसत नाही. त्यांना पहिल्यांदा पळसोडी कळली. वर्गणी काढणारे ते भाबडे हात कळले, पाचर ठासणारे ते प्रेमळ घाव कळले. रागाचा पारा, जो महिनोन्‌महिने गोठून राहिला होता, त्यांच्या आत कुठेतरी हलला.

आणि त्यांना पाऊल ऐकू आले.

एक ठाम. एक भीतभीत. एक ठाम. एक भीतभीत.

कमानीखालून कुमुद आत येत होती. शाल खुर्चीत राहिली होती. हात कशालाच धरलेला नव्हता. दोन्ही हात अंगापासून जरासे दूर, पंख पसरायच्या बेतात असावेत तसे. मागे पडवीत सुगंधाबाई उभी होती. तिने तिला अडवले नव्हते, आणि अडवणार नव्हती.

हरिहरराव उठू गेले. गुडघे उठले नाहीत. एक हात पाचरीवर, एका हातात हातोडी. धावता येईना, धरता येईना. ओरडावे तर ती दचकेल. ते नुसते पाहत राहिले. डावे पाऊल जमिनीला विचारत होते, जमीन उत्तर देत होती, पाऊल टेकत होते. देह उजवीकडे झुके, थांबे, आपला मध्य शोधी, सापडला की पुढे सरके. तिच्या चालीत एक वळण आले होते. ते वळण त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, कारण ते नेहमी त्या वळणाला सरळ करत आले होते. ते व्यंग नव्हते. तिच्या देहाने शोधलेला तो नवा बाक होता. भार वाहून नेणारा, पावलांपर्यंत पोचवणारा.

ती सरळ चालली असती तर पडली असती.

ती येऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. जिथे पूर्वी उभी होती तिथेच.

"मांडव उतरतोय," ती म्हणाली, "आणि मला बाहेर बसवता?"

हरिहररावांनी हातोडी उचलली.

टक.

चरचर पुन्हा उठली, लांबली, पानाच्या एका शिरेवरून दुसऱ्या शिरेवर गेली. छत खाली येत होते. डोळ्यांना दिसणार नाही असे, पण अंगाला कळेल असे. कोणी दीर्घ काळ धरून ठेवलेला निःश्वास सोडतो आहे असे. कमानीबाहेर बोबडेने डोळे मिटले होते. बायांच्या हातांत पाने थांबली होती.

टक.

छत खाली आले. तांदळाच्या दाण्याएवढे.

आणि थांबले.

खांब मात्र आणखी खाली गेला. त्याच्या माथ्यावर, लोखंड आणि काँक्रीट यांच्या मधोमध, एक रेघ उजळली. केसासारखी बारीक, सोन्यासारखी पिवळी. नदीवरून आलेले ऊन त्या फटीतून आरपार जात होते.

मोकळ्या झालेल्या माथ्यावर भेगांचे ओठ हळूहळू जवळ येत होते. मिटत नव्हते, जखमा मिटत नाहीत. पण आता त्या कोणाकडून काही मागत नव्हत्या.

"घाम पुसा," कुमुद म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला. जे पुसले तो सगळाच घाम नव्हता. मग ते उठायला लागले, आणि गुडघ्यांनी पुन्हा नकार दिला. कुमुदने उजवा हात पुढे केला. धरला नाही, ओढला नाही. नुसता पुढे केला, तळवा वर, काठावर ठेवलेल्या चोयेसारखा. त्यांनी तिच्या बोटांच्या टोकांना आपली बोटे टेकवली, आणि त्या एवढ्याशा स्पर्शावर ते उभे राहिले.

*

संध्याकाळी घाटावर दिवे होते.

खांब पडवीत आडवा पडला होता; त्याच्यावर दोन मुली बसून द्रोणांत वाती घालत होत्या. संगमरवरी पाटीचे काय करावे हे न कळून बोबडेने ती पालथी ठेवली होती, आणि सुगंधाबाईने तिच्यावर तेलाचा बुधला ठेवला होता. 'आधार' ह्या शब्दाचा पळसोडीत एवढा रास्त उपयोग पूर्वी झाला नव्हता.

"गुरुजी, राह्यला म्हणा," ती म्हणाली.

"राहिला," हरिहरराव म्हणाले.

कुमुद पायऱ्या उतरत होती. हातात द्रोण, द्रोणात दिवा. हरिहरराव एक पायरी मागे चालत होते. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेले. एका हाताने दुसऱ्याला घट्ट, फार घट्ट धरलेले, तो पुढे धावू नये म्हणून. एकदा ती डगमगली. ते थांबले. ती थांबली. तिने मागे न पाहता हात मागे केला, त्यांच्या उपरण्याचा काठ चिमटीत घेतला, आणि पुढली पायरी उतरली. काठ. एवढाच.

पाण्याशी ती वाकली. दिवा सोडला. पळसाचे पातळ पान, चार चोया, एक ज्योत. वैनगंगेने तो अलगद उचलून घेतला, आणि मागून आलेले शंभर दिवे त्याच्याभोवती गोळा झाले.

पाठीमागे, घाटाच्या माथ्यावर, छत पौर्णिमेच्या चांदण्यात निवत होते, केसभर खाली येत होते, मोकळा निःश्वास टाकत होते. आणि समोर, संथ काळ्या पाण्यात, त्याचे प्रतिबिंब पडले होते. वर पालथा घातलेला द्रोण पाण्यात सुलटा झाला होता. चार पावले टेकलेला, चारही काठ उचललेला, मध्ये रिता, रिता, निःस्तंभ रिता.

दिवे वाहत वाहत आले, आणि एकेक करून त्या द्रोणात उतरले.